उंबराचं फूल आणि पक्ष्यांची मिरची

प्रश्न : अंजिरात मेलेली माशी असते म्हणे. मी शाकाहारी आहे. अंजीर सोडू का?

सोडू नका. पण ऐकलंत ते अगदीच खोटंही नाही. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. ते फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत उमलतं. अंजीर त्याच कुळातलं. आत शेकडो फुलं, आणि शिरायला टोकाशी एक छिद्र. गांधीलमाशीच्या गोतातली इवलीशी माशी अंगावर पराग घेऊन त्यातून घुसते. वाट इतकी चिंचोळी की पंख तिथंच तुटतात. ती येते अंडी घालायला, पण मादी झाडाच्या अंजिरात फुलांची ठेवणच अशी की तिला ती घालता येत नाहीत. अंडी घालायची सोय नर झाडाच्या अंजिरात, आणि आत शिरण्याआधी तिला फरक कळत नाही! परागीभवन होतं, माशी मरते, अंजिरातली विकरं तिला बरीचशी विरघळवून टाकतात. दाताखाली कुरकुरतात त्या बिया. शिवाय लागवडीतल्या कित्येक जाती परागीभवनाशिवायच फळतात, तिथं माशीचा संबंधच नाही.

प्रश्न : फळ कुणीतरी खावं म्हणून गोड असतं. मग मिरची तिखट का?

झकास प्रश्न. मिरचीलाही कुणीतरी खायला हवंच आहे, फक्त ते कुणी, यावर तिचा कटाक्ष आहे. तिखटपणा ही चव नव्हे. उष्णता ओळखणारे जे संवेदक आपल्या तोंडात असतात, त्यांनाच कॅप्सायसिन चेतवतं आणि मेंदूला वाटतं, भाजलं! पक्ष्यांच्या संवेदकांवर त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. सस्तन प्राणी दाढांखाली बी भरडतात. पक्षी ते अख्खं गिळतात आणि लांब कुठंतरी टाकतात. बी कुजवणाऱ्या बुरशीलाही कॅप्सायसिन आवर घालतं, तो वेगळाच फायदा. गंमत म्हणजे ज्या सस्तनांना तिनं दूर ठेवलं, त्यांतल्याच एकानं, म्हणजे आपण, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तिला अमेरिकेतून जगभर नेलं. (तोंड भाजलं तर दूध घ्या. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही.)

प्रश्न : केळ्यात बिया का नसतात?

रानकेळ्यात असतात, दगडासारख्या टणक. खाण्याच्या बहुतेक जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. लागवड मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) होते, म्हणजे एका जातीची सगळी झाडं जवळपास एकमेकांच्या नकला. एक मेलं तर बाकीच्यांचाही भरवसा नाही. ग्रो मिशेल या निर्यातीच्या जातीचं 1950च्या दशकात पनामा या बुरशीच्या रोगानं असंच झालं. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, आणि आता त्या बुरशीचा नवा प्रकार तिच्याही मुळावर उठलाय.

प्रश्न : रोज खावं असं एकच सुपरफूड सांगा.

नाही सांगणार. तो बाजाराचा शब्द आहे. पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवं, गाजरातल्या कॅरोटीनला थोडं तेल-तूप. एकट्याचं कुणाचंच भागत नाही. त्यापेक्षा आठवडाभरात पोटात किती वेगवेगळ्या वनस्पती गेल्या ते मोजा. धान्य, डाळी, मसालेसुद्धा धरा. मी मोजल्या तेव्हा मोठ्या तोऱ्यात वीस लिहिल्या होत्या. त्यात बटाटा तीनदा निघाला.