लोकरीची कोंबडी लोळते, टाक्यांतून कापूस दिसतो: काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला दोन सुयांवर फक्त सुलट-उलट येतं. भाचीच्या बारशाला पिल्लं न्यायची आहेत, गणपतीच्या देखाव्यातल्या अंगणात एक कोंबडी बसवायची आहे. पहिली कोंबडी विणून झाली, पण ती एका कुशीवर लोळते आणि टाक्यांतून पांढरा कापूस दिसतो. राहता रत्नागिरीत, म्हणजे पावसाची ओल आणि खारी हवा धरूनच उत्तर द्यावं लागेल.

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. कापूस दिसतो, कारण सुई जाड आहे. लोळते, कारण कापूस भरल्यावर तळाला पोट येतं. टाके अवघड असण्या-नसण्याशी दोन्हींचा संबंध नाही. कोंबडीचा आकार घडीतून येतो, त्यामुळे नुसत्या सुलट टाक्यांवरही उत्तम कोंबडी होते.

आधी सुई. लोकरीच्या वेष्टनावरचा सुईचा नंबर स्वेटरसाठी असतो. खेळण्याला त्याहून दोन नंबर बारीक सुई घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. आठपदरी लोकरीला १० नंबर, चारपदरीला १२ नंबर. विणलेला तुकडा हातात ताणून खिडकीच्या उजेडासमोर धरा. छिद्रांतून उजेड ठळक दिसला, तर कापूसही दिसणार. सुई अॅल्युमिनियमची बरी. पॉलिश उडालेल्या लोखंडी सुया खाऱ्या हवेत गंजतात आणि पिवळ्या लोकरीवर पडलेला तांबडा डाग पुढे निघत नाही. घामेजल्या हातांनी अॅक्रिलिक लोकर सुईवर अडकते, टाके आवळत जातात. म्हणून दर थोड्या वेळाने हात पुसा, लागल्यास चिमूटभर टाल्कम पावडर लावा.

आता कोंबडी. हिशेब सोपा आहे: जितके टाके, तितक्या ओळी. सगळ्या ओळी सुलट विणल्या की एका टाक्याची रुंदी साधारण दोन ओळींच्या उंचीएवढी भरते. त्यामुळे ४० टाके घालून ४० ओळी विणल्या की चौकोन होत नाही, उंचीच्या दुप्पट रुंद अशी आडवी पट्टी होते. आपल्याला तीच हवी. आठपदरी लोकर आणि १० नंबरच्या सुईवर ती साधारण १६ सेंटिमीटर रुंद, ८ सेंटिमीटर उंच भरते. तुमचा हात घट्ट किंवा सैल असेल, तर ओळी मोजत बसू नका. पट्टी उभ्यात रुंदीच्या निम्मी झाली की टाके बंद करा. टाके घालताना ३० सेंटिमीटर आणि बंद करताना ४० सेंटिमीटर दोरा सोडा, शिवण त्यावरच करायची आहे.

पट्टीच्या दोन्ही आखूड कडा एकमेकींना शिवा. नळी तयार होते. नळीचं एक तोंड चपटं दाबा, शिवण एका टोकाला येईल असं, आणि शिवून टाका. आत्ता ही चपटी पिशवी दिसते. उघडं राहिलेलं तोंड आता आडवं दाबायचं, म्हणजे पहिल्या शिवणीशी काटकोनात, नळीची शिवण बरोबर मध्यावर येईल असं. लहानपणी मिळायच्या त्या तिकोनी दुधाच्या पिशव्या आठवा, तोच आकार. चार कोपरे होतात. तीन जमिनीला टेकतात, चौथा वर राहतो, ते डोकं. दुसऱ्या तोंडाच्या शिवणीचं वरचं टोक डोकं, खालचं टोक शेपूट, मधली उतरती कड म्हणजे पाठ. पहिली, तळाची शिवण छातीखाली येते. नळीची शिवण एका कुशीवर दिसेल, तिच्यावर पंख बसवला की झाकते.

ही घडी वाचून डोळ्यांसमोर येत नसेल, तर वहीचा कागद २:१ कापून चिकटपट्टीने एकदा करून बघा. लोकर उसवण्यापेक्षा ते स्वस्त.

लोळण्यावर इलाज असा. दुसरी शिवण अर्धी झाली की थांबा. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून ६ सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण कापा, टोकं गोल करा, आणि आतून तळाला बसवा. पुठ्ठा वापरू नका. आषाढात तो ओल धरतो, वाकतो आणि वास मारायला लागतो. त्रिकोणावर १५ ते २० ग्रॅम वजन हवं. बारीक धुतलेले गारगोटे किंवा काचेचे मणी घट्ट कापडी पुरचुंडीत शिवा आणि पुरचुंडी टाक्याने तळाला अडकवा. तांदूळ सर्रास सुचवतात, पण पावसाळ्यात त्यांत पोरकिडे होतात. समुद्राची वाळू तर मुळीच नको. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं, आणि बारीक कण टाक्यांतून गळत राहतात.

मग भरणी. कोकणात सावरीचा कापूस घरचाच असतो, मऊही असतो, पण खेळण्यात तो फसतो. त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत, ते एकमेकांना धरत नाहीत, म्हणून टाक्यांतून बाहेर येतात आणि आत गुठळी बसते. साधा कापूस ओलावा पितो आणि दगडासारखा होतो. उशीत भरतात तो फायबरचा कापूस, ज्याला दुकानात रेक्रॉन म्हणतात, तो घ्या. हाताने पिंजून चिमटीचिमटीने भरा. पहिली चिमूट डोक्याच्या कोपऱ्यात सुईच्या मागच्या टोकाने सरकवा. डोकं गच्च, मान मध्यम, तळ सैल. तळ गच्च भरला की पोट येतं, आणि प्लॅस्टिकचा त्रिकोण असूनही कोंबडी झुलते. बरेच जण उलटं करतात, खालून गच्च आणि वर येईपर्यंत कापूस संपलेला.

तुरा दुसरी शिवण पूर्ण करतानाच डोक्याच्या टोकाला आत धरून शिवा. नंतर वरून चिकटवलेला तुरा मुलं पहिल्या दिवशी उपटतात. लाल लोकरीचे ४ टाके घाला, ३ बंद करा, एक उरतो. तो डाव्या सुईवर घेऊन पुन्हा ३ टाके घाला, पुन्हा ३ बंद करा. असं तीनदा केलं की तीन टोकांचा तुरा. दोनदा केलं की चोचीखाली लोंबणारा लाल भाग. कोंबडा हवा असेल, तर तुऱ्याला पाच टोकं आणि शेपटीला त्याच पद्धतीने ८ टाके घालून ७ बंद करत चार-पाच लांब पिसं. चोच: नारिंगी लोकरीचे ५ टाके, एक ओळ सुलट, मग दोन एकत्र, एक सुलट, दोन एकत्र, उरले ३, एक ओळ सुलट, तिन्ही एकत्र. पंखांना १० टाके, चार ओळी सुलट, मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन एकत्र, दोनच टाके उरेपर्यंत. सरळ कड अंगाला शिवा, टोक शेपटीकडे मोकळं सोडा. चारही बाजूंनी शिवलेला पंख ठिगळ वाटतो.

लाल लोकर वापरण्याआधी तिचा एक तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग सुटला, तर तो तुरा पांढऱ्या कोंबडीला लावू नका.

पिल्लं याच मापाने निम्मी: २० टाके, २० ओळी, चारपदरी किंवा आठपदरी, दोन्ही चालतात. खरं तर आधी पिल्लूच विणा. कोंबडीत १,६०० टाके असतात, पिल्लात ४००, त्यामुळे हात, सुई, लोकर यांची चाचणी स्वस्तात होते. २५ ग्रॅमच्या गोळ्यात एक कोंबडी आणि दोन-तीन पिल्लं बसतात.

बारशाला न्यायची पिल्लं मात्र मी गोल सुचवेन, कोपऱ्यांची नाहीत. यात उलट टाका लागतो. चारपदरी पिवळी लोकर, १२ नंबर सुई. १० टाके घाला, एक ओळ उलट. पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात पुढून-मागून दोनदा विणा, २० होतील. एक ओळ उलट. मग एक टाका सुलट आणि पुढच्यात दोनदा, असं ओळभर, ३० होतील. उलट ओळ. आता १० ओळी सरळ, म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मग एक सुलट, दोन एकत्र, असं ओळभर, २० उरतील. ही ओळ म्हणजे मान, हिच्यात वेगळ्या रंगाचा धागा खुणेला अडकवून ठेवा. पुढच्या ७ ओळी, उलटने सुरू करून उलटनेच संपवत, न वाढवता-घटवता. मग ओळभर दोन-दोन एकत्र, १० उरतील. दोरा तोडून सुईने सगळ्या टाक्यांतून ओवा आणि ओढा. मागची कड शिवा, तळातून कापूस भरा, तळ ओढून बंद करा. शेवटी खुणेच्या ओळीतून पिवळा दोरा गोल फिरवून आवळा, की डोकं वेगळं दिसतं. खुणेचा धागा विसरलात, तर मान नेमकी कुठे ते कापूस भरल्यावर सापडत नाही आणि पिल्लाला हनुवटी येते. पिल्लू साधारण ५ सेंटिमीटर उंच होतं. दोन सुयांवर गोल आकाराला मागे शिवण येणारच, ती नको असेल तर क्रोशा सोयीचा, पण क्रोशाची विण कडक लागते.

डोळ्यांवर पिल्लाचं वय ठरतं. ते डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की पिल्लू कोवळं दिसतं. वर आणि जवळ गेले की तेच पिल्लू रागीट म्हातारं होतं. आधी दोन टाचण्या टोचून जागा ठरवा, मग टाचण्या मोजून काढा. मूल तीन वर्षांखालचं असेल, तर मणी, बटण, गारगोटे, तार काहीही नको. डोळे काळ्या दोऱ्याच्या गाठीच्या टाक्याने भरा, आणि दोऱ्याची टोकं डोक्यात आरपार नेऊन कापा. बारशाला पाच पिल्लांचं चिमणाळं, म्हणजे पाळण्यावर टांगायचं झुंबर, छान दिसतं. बाळाच्या हाताला दोऱ्या लागणार नाहीत इतकं उंच टांगा, आणि बाळ कोपरांवर उठायला लागलं की उतरवा. टांगायला मासेमारीचा बारीक तंगूस चांगला, पण तो गुळगुळीत असल्याने साधी गाठ सुटते. तीन-चार वेढे देऊन गाठ ओली करून आवळा.

गणपतीच्या देखाव्यासाठी खुडूक बसलेली कोंबडी सर्वांत सोपी, पायच लागत नाहीत. बांबूची छोटी टोपली, तीत काथ्या पिंजून, वर कोंबडी, पंखाखालून दोन पिल्लांची डोकी. पेंढ्यातून किडे येतात, काथ्याला तो त्रास कमी. शेजारी एक उपडं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, ठेवलं की अंगण झालंच. कोंबडी गावठी वाटावी म्हणून एका रंगाची न करता दोन पातळ लोकरी एकत्र धरून विणा, विटकरी आणि काळी किंवा पांढरी आणि करडी. अशा वेळी चारपदरीचे दोन पदर म्हणजे आठपदरी धरून १० नंबर सुई. अॅक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि पेटतंही, म्हणून समई-निरांजनापासून आणि तापणाऱ्या दिव्यांपासून लांब. इस्त्रीही फिरवू नका, विण कायमची लुळी पडते.

हीच गोल पिल्लं ईस्टरला अंड्यावर टोपीसारखी घालतात. त्यासाठी ३६ टाके, चार ओळी सुलट, १४ ओळी सरळ, मग तसंच घटवत जायचं, तळ उघडा. चॉकलेटचं अंडं ठेवायची पद्धत असली, तरी आपल्या एप्रिलच्या उकाड्यात ते वितळून लोकरीला लागतं. उकडलेलं अंडं बरं. काजूगर ठेवणार असाल, तर आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, नाहीतर तेलाचा डाग उतरतो.

विकायचा विचार असेल, तर एक लक्षात ठेवा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, तेव्हा आधी नोंदणी करा.

धुणं पावसाळ्यात टाळा. वरून सुकलं तरी आतला फायबर दोन-तीन दिवस ओला राहतो आणि कुबट वास धरतो. ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत कोमट पाण्यात सौम्य साबणाने दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा, सावलीत वारा लागेल असं टोपलीत पसरा. तळात गारगोट्यांची पुरचुंडी असलेली कोंबडी बुडवू नका, नुसती ओल्या फडक्याने पुसा. डांबरगोळ्या ठेवायची गरज नाही, कसर अस्सल लोकर खाते, अॅक्रिलिक नाही.