अमेझॉनकाठी शिकवायला जाऊ का?

प्रश्न : मी नागपूरची, बी.एड. झालंय. पेरूत अमेझॉनकाठच्या गावात महिनाभर पोरांना इंग्रजी शिकवायला जायचंय, घरचे नको म्हणतात. काय करू?

उत्तर : जा गं, पण महिन्यासाठी नको. मी भामरागडकडे शिकवायला गेले होते तेव्हा पहिले पंधरा दिवस पोरं नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची, घरी त्यांची माडिया आणि माझी मराठी, मग एका पोरीने चिंचोके मांडून मलाच माडियात आकडे शिकवले आणि तिथून खरी शाळा सुरू झाली. सगळ्यांची नावं पाठ झाली तोवर परतायची वेळ!

म्हणून निदान तीन महिने काढ, आधी स्पॅनिश शिक, काही गावांत तर घरची भाषा आणखी वेगळी असते. इकितोस या पेरूतल्या अमेझॉनकाठच्या शहराला बाहेरून रस्ताच नाही, विमान नाहीतर बोट, पुढची कितीतरी गावं पण बोटीनेच. यलो फीवरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घे, सर्टिफिकेट भारतात परत येताना मागतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

आणि तुझ्यानंतर तिथे कोण शिकवणार हे जी संस्था सांगत नाही तिला पैसे देऊ नकोस, दर महिन्याला नवी ताई आली की पोरं जीव लावायचं सोडून देतात गं.