पासारेला: डावा पाय, कडक शिस्त आणि केसांची भानगड

अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू दानिएल पासारेला बुटका असूनही हेडरवर गोल मारायचा, असं आमचे काका सांगतात. खरं का? (कोल्हापूर)

काकांचं बरोबर आहे. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) कमीच. पण उडी अशी वेळेवर मारायचा की वीतभर उंच माणूस खालीच राहायचा. शिवाय डावा पाय जबरदस्त; फ्री किक, पेनल्टी त्याच्याकडेच. बचावपटू असून लीगमध्ये १३४ गोल! हा विक्रम पुढे हॉलंडच्या रोनाल्ड कूमनने मोडला. १९८५-८६ मध्ये फिओरेंतिनाकडून त्याने इटालियन लीगमध्ये ११ गोल केले. तिथे तेव्हा स्ट्रायकरनाही गोल करताना घाम फुटायचा.

१९८६ चा वर्ल्ड कप मॅराडोनाचा. मग पासारेला दोनदा विजेता कसा?

१९७८ ला अर्जेंटिना जिंकला तेव्हा तो कर्णधार होता. १९८६ ला संघात होता, पण मेक्सिकोत पोट बिघडलं आणि एकही मिनिट खेळला नाही. त्याच्या जागी आलेल्या ब्राउनने फायनलमध्ये पहिला गोल केला; देशासाठीचा त्याचा तो एकमेव गोल. तरी मेक्सिकोचं तिकीट पासारेलामुळेच मिळालं, असं मी म्हणेन. जून १९८५, पेरूविरुद्ध पात्रता सामना, अर्जेंटिना १-२ ने मागे, वेळ संपत आलेली. त्याने उजवीकडे चेंडू छातीवर घेतला आणि अवघड कोनातून मारला. चेंडू पोस्टला लागून गोलरेषेवर घरंगळला, गारेकाने आत ढकलला. त्या गारेकालाच नंतर वर्ल्ड कपच्या संघातून वगळलं!

प्रशिक्षक असताना त्याने खेळाडूंचे केस कापायला लावले, ही दंतकथा आहे का?

नाही हो. १९९४ ते १९९८ तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. लांब केस बंद, कानातलं बंद. खेळाडूचं लक्ष केस सावरण्यात जातं, हा त्याचा युक्तिवाद. स्ट्रायकर बातिस्तुताने थोडी कात्री लावून घेतली आणि १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये पाच गोल केले. रेदोंदोने मात्र ठाम नकार दिला. नुकताच रेआल माद्रिदकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेला हा मधल्या फळीतला खेळाडू वर्ल्ड कपसाठी फ्रान्सला गेलाच नाही. क्वार्टर फायनलमध्ये ओर्तेगा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि ८९ व्या मिनिटाला हॉलंडच्या बर्गकॅम्पने गोल करून अर्जेंटिनाला घरी पाठवलं. रेदोंदो असता तर निकाल बदलला असता, असा दावा मी करणार नाही. पण एवढा खेळाडू केसांपायी घालवणं मला आजही पटत नाही. आणि गंमत बघा, १९७८ च्या फायनलमध्ये दोन गोल करून पासारेलाच्या हाती कप देणारा केम्पेस! त्याचे केस मानेवर रुळत होते.

रिव्हर प्लेटची घसरण त्याच्यामुळेच झाली ना?

ब्युनोस आयर्सच्या या क्लबला, रिव्हरला, प्रशिक्षक म्हणून त्याने लीग जिंकून दिली होती. घसरण झाली तेव्हा, २०११ साली, तो क्लबचा अध्यक्ष होता. तिथे तेव्हा खालच्या श्रेणीत कोण जाणार हे ठरवताना तीन हंगामांच्या गुणांची सरासरी धरायचे, त्यामुळे जुनं ओझंही होतं; सगळं खापर त्याच्यावर फोडू नये. पण खुर्चीत तोच होता. श्रेणी टिकवण्याच्या दोन सामन्यांच्या लढतीत खालच्या श्रेणीतल्या बेल्ग्रानोविरुद्ध पहिला सामना ०-२ ने गमावला, परतीचा १-१ सुटला आणि रिव्हर इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत गेला. दिवस २६ जून, मैदान रिव्हरचंच मोनुमेंताल. याच मैदानावर ३३ वर्षं आणि एक दिवस आधी त्याने वर्ल्ड कप उचलला होता.