अंथरुणावरच्या वडिलांना डायपरमुळे जांघेत पुरळ येतं, काय करू?

आमच्या आजीला २ वर्षं डायपर होता, तोही रत्नागिरीच्या पावसात, म्हणून सांगते. डायपर पूर्ण भरायची वाट बघू नका. ३-४ तासांनी बदला, शी झाली तर लगेच. कोमट पाण्याने धुवून मऊ सुती लुगड्याच्या तुकड्याने टिपा, घासू नका. जांघेतली घडी बोटांनी उघडून कोरडी करा, सगळं तिथेच सुरू होतं. मग १०-१५ मिनिटं पंख्याखाली उघडं ठेवून झिंक ऑक्साईडचं मलम जाडसर थापा. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. आणि हो, पावसाळ्यात ते तुकडे दमटच राहतात, इस्त्री फिरवूनच घ्या. लालीच्या कडेने बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर त्याच दिवशी.