बोर्डापुढे पहिल्यांदाच प्रस्ताव नेताय?

साहेब एकटेच ठरवून मोकळे का होत नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. एक कारण कायद्याचं. नव्या धंद्यात उतरणं, दुसरी कंपनी ताब्यात घेणं, विलीनीकरण हे निर्णय कंपनी कायदा 2013 च्या कलम 179 नुसार संचालक मंडळाच्या बैठकीतच घ्यावे लागतात. दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही: डाव फसला तर खापर एकाच्याच डोक्यावर फुटत नाही. शिवाय ज्या खात्याने निर्णय राबवायचा, त्याचा प्रमुख आधीच 'हो' म्हणून बसलेला असतो. माझ्या मते खरा फायदा हाच.

आता तुमचं काम. बैठकीची नोटीस किमान 7 दिवस आधी निघते. प्रस्तावाचं टिपण तेव्हाच तयार हवं, दोन पानांत. पर्याय तीन द्या, त्यातला एक 'काहीच न करणे'. फायनान्सवाल्यांना आकडे आधी दाखवा, नाहीतर बैठकीत आकड्यांवरच वाद पेटतो आणि विषय पुढच्या तारखेला जातो. अध्यक्ष आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, म्हणून प्रत्येकाचं मत आदल्या दिवशी दोन ओळींत लेखी मागवायला कंपनी सेक्रेटरीला (बोर्डाच्या बैठकांचं कामकाज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) सुचवा. इतिवृत्ताचा मसुदा 15 दिवसांत संचालकांकडे जातो. त्याआधी ठरावातली रक्कम आणि मुदत सेक्रेटरींसोबत ताडून पाहा.