आर्वीजवळ फार्महाऊसवर साक्षगंध आहे, मोठी मंडळी येणार, पाहुणे 150. जादूगार बोलवावा का?

बोलवा, पण स्टेजवाला नको. पाहुण्यांत फिरून हातावर पत्ते-नाणी दाखवणारा बोलवा. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत. लॉनवर लोक चहूबाजूंनी उभे असतात अन् पेटीचा खेळ फक्त समोरूनच बघायचा असतो. मागून पोट्टे आधीच सगळं पाहून घेतात. त्यात हॅलोजनचा उजेड आडवा पडला की खेळात लपवलेला काळा दोरासुद्धा चमकतो. फिरता जादूगार सात-आठ जणांच्या घोळक्यात पाचेक मिनिटं थांबतो, एखाद्या काकांच्याच बोटातली अंगठी गायब करतो, काढून देतो, पुढे सरकतो. या हिशेबानं 150 जणांना त्याचे दोन तास सहज जातात. त्याला शरबत-स्टार्टरच्या वेळेलाच सोडा; ताटात पाटोडी पडल्यावर पत्ते कोण बघते! नागपूरहून येणार असेल तर गाडीभाडं अन् मुक्काम आधीच बोलून घ्या. फक्त पोपट घेऊन येतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे.