कॉलेजच्या मुलांना संशोधनातली नीती वर्गात भूमिका करायला लावून शिकवता येते का? कुणी करून पाहिलंय?

येते. पण पहिल्या वर्षी माझा पार विचका झाला होता, तिथूनच सांगतो.

मी खानदेशातल्या एका कॉलेजात एम.ए.ला समाजशास्त्र शिकवतो. संशोधन पद्धतीच्या पेपरात नीतीचं प्रकरण असतं. 'माहितीपूर्ण संमती, गोपनीयता' वगैरे मुद्दे पाठ केले की पाच गुण पदरात. म्हणून एकदा टस्कीगीचा प्रसंग बसवायला दिला. अमेरिकेतल्या अलाबामात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचं नुसतं निरीक्षण केलं. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. आमचा 'डॉक्टर' निळू फुलेंसारखा हसला, मागून कुणीतरी मोबाईलवर संगीत लावलं, टाळ्या पडल्या. युवक महोत्सवातली एकांकिकाच! आणि नीती मोडणारी माणसं वेगळीच असतात, आपण त्यातले नाही, अशा समजात सगळे घरी गेले.

तेव्हापासून ज्यात खलनायक सहज सापडतो असा प्रसंग मी घेत नाही.

आता घेतो ते खम्ममचं प्रकरण. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. संमती कशी घेतली यावरून वाद उठला, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला, २०१३ मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. काही मुलींचे मृत्यू झाले होते, पण त्यांचा लसीशी संबंध असल्याचं चौकशीत दिसलं नाही. म्हणजे लस चांगली, हेतूही वाईट म्हणता येत नाही. वर्गाला असाच प्रसंग लागतो.

पात्रं चार: लस देणारी टीम, वसतिगृहाचा वॉर्डन, मुलगी, तिची आई. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, दुसऱ्याने बघायची नाही. (चिठ्ठ्या मी रचलेल्या, अहवालातल्या नव्हेत, हे आधीच सांगतो.) वॉर्डनला वरून फोन आलाय, उद्या यादी हवी; पालक चाळीस किलोमीटरवर मजुरीला. टीमला परवा पुढचं गाव गाठायचंय. आईला वाचता येत नाही, आणि नाही म्हटलं तर पोरीची वसतिगृहातली जागा जाईल ही धास्ती. मुलीच्या चिठ्ठीत एकच ओळ: 'कुणी विचारलं तरच बोल.'

ही शेवटची भूमिका वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोराला द्यायची. गेल्या वर्षी तो वीस मिनिटं गप्प बसला होता, कारण त्याला कुणी काही विचारलंच नाही. वॉर्डन झालेल्या मुलीने तेवढ्यात सही करून टाकली. का केलीस विचारलं तर म्हणाली, "सर, चांगल्यासाठीच तर होतं ना." मग मी फळ्यावर अहवालातले आकडे लिहिले: आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वॉर्डनच्या सह्या, १,९४८ वर अंगठे. हे आकडे आधी सांगू नका, सगळी मजा जाते.

त्यानंतर संमतीपत्र घरच्या बोलीत लिहायला देतो. गाडी हमखास 'ऐच्छिक' या शब्दाशी अडते, कारण मुलांना ऐच्छिक म्हणजे परीक्षेतला विषय एवढंच ठाऊक. एका गटाने शेवटी लिहिलं, 'नको म्हणालात तरी रेशन, शाळा, दवाखाना काही बंद होणार नाही.' छापील नमुन्यांपेक्षा हे मला कधीही बरं वाटतं.

एक चूक तुम्ही करू नका. मी एकदा चिठ्ठ्या सरसकट वाटल्या आणि आश्रमशाळेत शिकलेल्या मुलीच्या वाट्याला नेमकी मुलीचीच भूमिका आली. ती उठून बाहेर गेली. मी संमती शिकवत होतो आणि तिला विचारलंच नव्हतं. आता आदल्या दिवशी विचारतो. नको असेल त्याने बसून टिपणं घ्यावीत. अंतर्गत गुणही ठेवत नाही, गुण लावले तर 'नको' कोण म्हणणार?

गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या दोघांच्या प्रकल्पात मुलाखती ठरल्यापेक्षा कमी भरल्या. नकार दिलेल्यांची नोंद त्यांनी वेगळ्या पानावर जोडली होती. मी गुण कापले नाहीत.